सहाध्यायाचे ऋण

पावसाळा ओसरू लागला आणि मुळशीचा जलाशय काठोकाठ भरला, की ताम्हिणीच्या वाटेवर जुन्या वर्गमित्रांचे स्नेहमेळावे भरू लागतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एका बाकावर बसलेली माणसे पेढीचा कारभार मुलांकडे सोपवून एक दिवस पुन्हा विद्यार्थी होतात. परंतु साठी ओलांडलेल्या प्रत्येक वर्गात असे एखादे वर्ष येतेच, की जुनी हजेरी मोठ्याने वाचताना एका नावापाशी वाचणाऱ्याचा आवाज थांबतो. मग नवकार म्हटला जातो, दोन मिनिटे मौन पाळले जाते, दिवंगत मित्राच्या हसऱ्या स्वभावाविषयी कोणी चार शब्द बोलतो. उठावणा आणि गुणानुवाद सभा त्यापूर्वीच पार पडलेली असते. वृत्तपत्रातील छायाचित्र कात्रण होऊन कपाटात गेलेले असते.

यापुढे त्या मित्राचे स्मरण करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाही. नातलगांची कर्तव्ये रूढीने ठरवून दिलेली आहेत, मित्रांची नाहीत. म्हणूनच या बाबतीत पुणे जिल्ह्यातीलच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक दाखला पुन्हा पाहण्यासारखा आहे. तो आहे गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक या दोन सहाध्यायांचा.

नऊ दिवसांचे अंतर

आगरकरांचा जन्म 14 जुलै 1856 रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. टिळकांचा 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीस. वयात अवघे नऊ दिवसांचे अंतर, परिस्थितीत मात्र पुष्कळ. आगरकरांच्या घरी विलक्षण दारिद्र्य होते. शिक्षणासाठी त्यांनी कऱ्हाडच्या कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे कालवण्याचे काम केले, शिकण्याच्या ओढीने रत्नागिरीपर्यंत पायपीट केली आणि अखेर अकोल्याहून मॅट्रिकची परीक्षा दिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर अंगात घालायला एकच सदरा होता. रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगावर चढवायचा. वर्तमानपत्रांतील लेखन आणि निबंधांची बक्षिसे यांवर त्यांनी पदवीपर्यंतची वाट चालली.

त्या कॉलेजात टिळक कायद्याचा अभ्यास करीत होते आणि आगरकर एम. ए.चा. देशाची दुःस्थिती शिक्षणाने पालटेल, या विषयावर दोघांच्या रात्रीमागून रात्री चर्चा होत. सरकारी नोकरी पत्करायची नाही, असा निश्चय त्या चर्चांतून झाला. उच्च पदवी मिळाल्यावर मुलगा मोठ्या पगाराची जागा मिळवील, या आशेवर असलेल्या आईला आगरकरांनी पत्र लिहून कळविले, की पोटापुरत्या पैशावर संतोष मानून उरलेला वेळ लोकहितासाठी देण्याचे आपण ठरविले आहे. दारिद्र्यात वाढलेल्या मुलाने आईला असे लिहिणे किती कठीण, हे प्रपंच केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी 1 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. होताच आगरकर त्यांना येऊन मिळाले. जानेवारी 1881 मध्ये ‘केसरी’ निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर होते. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांसंबंधी छापलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि दोघा मित्रांना चार महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी 101 दिवस एकत्र काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. एकाच कोठडीत बसून वाद घालणारे ते दोन पंचविशीतले तरुण त्या पुस्तकात आजही भेटतात. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. हा सारा संसार दोघांनी भागीदारीत उभारला होता, असे म्हटले तरी चालेल.

भागीदारी फुटली

या भागीदारीला तडा गेला तो मुख्यतः विचारांच्या भेदामुळे. आधी समाजसुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, हा तो प्रसिद्ध वाद. बालविवाह, विधवांचे केशवपन, संमतिवयाचा कायदा यांवर दोघांची मते टोकाला गेली. परंतु वादाची दुसरी बाजू व्यापारी वाचकांच्या अधिक ओळखीची आहे. संस्थेच्या आजीव सदस्यांपैकी काहींचा प्रपंच वाढत होता. वेतनात थोडी वाढ व्हावी, असे आगरकर आणि इतर काही सदस्यांचे म्हणणे पडले. टिळकांना ते मूळच्या त्यागाच्या संकल्पाशी विसंगत वाटले. बाहेरचे उत्पन्न कोणी किती घ्यावे, यावरही खटके उडाले. एकाच्या दृष्टीने तत्त्वाचा प्रश्न होता, दुसऱ्याच्या घरी महिनाअखेरीचा.

1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर 1888 मध्ये स्वतःचे ‘सुधारक’ काढले. 1890 मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्यानंतर दोघांच्या पत्रांतून एकमेकांवर जी टीका झाली, तिच्यात कठोर शब्दांची कमतरता नव्हती. सनातनी मंडळींनी तर आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. ती त्यांनी पाहिली आणि लेखन चालूच ठेवले. 1892 मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याचा विकार जुनाच होता. तो बळावत गेला. 17 जून 1895 रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांचे निधन झाले.

मंगळवारचा ‘केसरी’

दुसऱ्या दिवशी, 18 जून रोजी, मंगळवार होता. ‘केसरी’ निघण्याचा दिवस. त्या अंकात टिळकांनी आगरकरांवर मृत्युलेख लिहिला. एरवी झरझर अग्रलेख सांगणाऱ्या टिळकांना तो लेख पुरा करण्यास फार वेळ लागला आणि मध्ये मध्ये त्यांचा कंठ दाटून येत होता, अशी आठवण सांगितली जाते.

त्या लेखाचे महत्त्व त्याच्या प्रांजळपणात आहे. मृत्यू समोर उभा राहिला की मतभेद मागे पडतात आणि जुना सहवास पुढे येतो, हा त्याचा सूर आहे. मात्र मतभेद नव्हतेच, असा आव टिळकांनी आणला नाही. आगरकरांची सामाजिक मते आपल्याला पटली, असेही म्हटले नाही. गरिबीतून वर आलेली बुद्धी, संपत्तीकडे फिरवलेली पाठ, लेखणीतील तेज, संस्थेसाठी झिजवलेले शरीर, एवढ्या गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या सांगण्याचा अधिकार त्यांच्या आरंभाच्या साक्षीदाराला होता. पुढे 1915 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले वारले, तेव्हाही टिळक सिंहगडावरून खाली आले आणि आयुष्यभराच्या विरोधकाविषयी स्मशानभूमीत गौरवाने बोलले.

गुणानुवाद सभेत बोलणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावी अशी ही रीत आहे. सर्वगुणसंपन्न, अजातशत्रू, दानशूर ही विशेषणे कोणत्याही छायाचित्राखाली छापता येतात, आणि म्हणूनच ती कोणाचीच राहत नाहीत. रात्री धुतलेला एक सदरा मात्र फक्त आगरकरांचा आहे. दिवंगत मित्राची अशी एखादीच खरी गोष्ट सांगितली, तरी त्याच्या नातवंडांना आजोबा मिळतात.

टिळक-आगरकरांच्या कथेत सल एकच राहतो. जे शब्द 18 जूनच्या अंकात छापले गेले, ते आगरकरांच्या वाचनात कधीच आले नाहीत. जैन परंपरेने यासाठी संवत्सरीचा आणि क्षमावाणीचा दिवस ठरवून दिला आहे. ‘मिच्छामि दुक्कडम्’ हे जिवंत माणसाला म्हणायचे असते. शेकडो क्रमांकांवर एकाच वेळी पाठविलेल्या संदेशाने ते साधत नाही. ज्या एका मित्राशी भागीदारीवरून, उसन्या पैशावरून किंवा सोयरिकीवरून बोलणे थांबले आहे, त्याच्या दारी जाऊन म्हटल्यानेच ते साधते.

उशाशी ठेवलेली पुरचुंडी

आगरकरांच्या निधनानंतर त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली. आपल्या अंत्यसंस्काराचा खर्च पत्नीवर पडू नये, म्हणून त्यांनी त्यात पैसे बाजूला बांधून ठेवले होते, असे चरित्रकार सांगतात. प्राचार्यपदावरील माणसाजवळ मागे ठेवायला फारसे काही नव्हते. पण जे होते त्याचा हिशेब त्याने स्वतः लावला होता. पत्नी यशोदाबाईंची आणि मुलांची काळजी त्या एवढ्याशा पुरचुंडीत दिसते. समाज ज्याला बंडखोर म्हणून ओळखत होता, तो घरात किती जबाबदार गृहस्थ होता, हे सांगायला दुसरा पुरावा नको.

आजच्या व्यापारी घरात परिस्थिती बहुधा उलटी असते. मागे पुष्कळ काही असते, पण त्याचा पत्ता एकट्या कर्त्या पुरुषाला असतो. पौडला दुकान, पिरंगुटला गोदाम, मुळशी तालुक्यातच कुठेतरी वीस वर्षांपूर्वी घेतलेली जमीन, तीन बँकांत ठेवी, एका मित्राला दिलेले हातउसने आणि दुसऱ्याच्या कर्जाला दिलेला जामीन, हे सारे त्याच्या डोक्यात असते. तो गेला की पत्नी आणि मुले कागदांच्या ढिगापुढे बसतात. मित्राचे दुसरे कर्तव्य येथे सुरू होते. गणित, वाणिज्य, कायदा शिकलेले, बँकेत किंवा कचेरीत आयुष्य घालविलेले वर्गमित्र प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यापैकी एकाने महिनाभर आठवड्यातून एक दिवस त्या घरी बसले, तर शोकसभेतील दहा भाषणांपेक्षा घराला अधिक आधार मिळतो.

कागदांचा क्रम

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावयाची असते. दाखल्याच्या दहा-बारा प्रती आरंभीच घ्याव्यात, कारण बँक, विमा कंपनी, महसूल कचेरी आणि कर विभाग प्रत्येकजण प्रत मागतो.

दुसरा विषय बँकेचा. खात्यावर नामनिर्देशन असेल, किंवा खाते ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो’ या पद्धतीचे असेल, तर रक्कम मिळण्यास न्यायालयात जावे लागत नाही. आवश्यक कागद पोहोचल्यापासून 15 दिवसांत बँकेने दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीदाराला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा वाटाही ठरविता येतो. घरच्यांनी एक चूक मात्र टाळावी. दिवंगत व्यक्तीचे एटीएम कार्ड किंवा मोबाईलवरील सोय वापरून पैसे काढणे सोपे वाटते. पुढे वारसांत वाद झाला, तर तेच अंगाशी येते.

तिसरा विषय सर्वाधिक गैरसमजाचा. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक, असे अनेकांना वाटते. बँकेच्या ठेवीच्या बाबतीत ती व्यक्ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. शेअर्सच्या बाबतीतही नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. मृत्युपत्र नसेल तर 1956 चा हिंदू वारसा कायदा लागू होतो आणि तो जैनांनाही लागू आहे. त्यानुसार पुरुषाच्या मागे पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. लग्न झालेली मुलगी आणि वृद्ध आई यांची नावे घाईत सुटतात. घरातील कोणी हे बोलून दाखविले तर त्याच्यावर स्वार्थाचा आरोप होतो. बाहेरचा, विश्वासातला मित्र ते सहज सांगू शकतो. अनेक घरांतील भावंडांचे वैर एवढ्या एका वाक्याने टळू शकते.

चौथा विषय जमिनीचा. मुळशीत त्याला विशेष महत्त्व आहे. हिंजवडी आणि माण ही गावे याच तालुक्यातील. तेथील वस्ती आणि भाव दोन्ही झपाट्याने वाढले. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते; त्यावरून वारस नोंदीचा फेरफार होऊन सातबाऱ्यावर नावे लागतात. ही नोंद राहून गेली की पुढच्या पिढीत वारसांची संख्या वाढते आणि एका सहीसाठी मुंबई, बंगळुरू, परदेश अशी धावाधाव होते. शोकाच्या काळात जमिनीला गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्या मध्यस्थाला वर्षभर तरी थांबायला सांगावे. तो निरोप मित्राने दिला तर घरच्या बाईला संकोच पडत नाही.

पाचवा विषय पेढीचा. भागीदारीच्या करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते, असे 1932 चा भागीदारी कायदा सांगतो. भागीदार दोघेच असतील, तर प्रश्नच उरत नाही. त्या दिवसाचा ताळेबंद करून दिवंगताच्या हिश्शाचा हिशेब त्याच्या घरी लेखी पोहोचला पाहिजे. हयात भागीदार हा बहुधा जुना वर्गमित्रच असतो. त्याच्या मैत्रीची खरी परीक्षा येथे होते. कर्जाच्या बाबतीत वारसांची जबाबदारी त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, हे त्यांना कोणीतरी शांतपणे समजावून द्यावे. जामीनदार मित्राची जबाबदारी मात्र कर्जदाराच्या मृत्यूने संपत नाही.

शेवटचा आणि सर्वांत नाजूक विषय हातउसन्याचा. व्यापारात शब्दावर दिलेला पैसा असतो; त्याला ना कागद, ना साक्षीदार. देणारा गेला की घेणाऱ्याच्या मनाखेरीज त्याची नोंद कोठेच उरत नाही. अशी रक्कम ज्याच्याकडे असेल, त्याने बाराव्या-तेराव्या दिवसाची वाट न पाहता त्या घरी जाऊन आकडा स्वतः सांगावा. अचौर्य हे अणुव्रत आहे आणि त्याची कसोटी अशाच ठिकाणी लागते.

लिहून ठेवलेले टिकते

मुळशीला हे वेगळे सांगायला नको. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. तरीही तो लढा आज माहीत आहे, याचे श्रेय त्या लढ्यात स्वतः उतरलेल्या विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्या सहकाऱ्याला जाते. त्यांनी त्याचा इतिहास लिहून ठेवला. सोबत्याने लिहिले नसते, तर पाण्याबरोबर बरेचसे स्मरणही बुडाले असते.

वर्गमित्रांनाही हे करता येण्यासारखे आहे. दिवंगत मित्राविषयी प्रत्येकाने एक पान लिहावे. कोणत्या साली, कोठे, काय घडले आणि कोण काय म्हणाले, एवढेच. ती पाने एकत्र बांधून त्याच्या मुलांकडे द्यावीत. मुलांनी वडील पाहिलेले असतात ते गादीवर बसलेले, हिशेब विचारणारे. सायकलवरून शाळेला येणारा, वहीत चित्रे काढणारा, परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राला गणित समजावणारा मुलगा फक्त वर्गमित्रांजवळ शिल्लक असतो. ते मित्रही एक एक करून जाणारच आहेत. म्हणून हे काम पुढच्या मेळाव्यावर टाकू नये.

स्मरणार्थ दान देण्याची परंपरा जैन समाजात दृढ आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी ज्ञानदान सहाध्यायांना विशेष शोभते. ज्या शाळेत मैत्री जमली, तेथील एखाद्या गरजू विद्यार्थ्याची वर्षभराची फी आणि वह्या-पुस्तके यांचा भार वर्गाने उचलावा. आगरकर निबंधांच्या बक्षिसांवर शिकले. एखाद्या टेंभूच्या मुलाला ते बक्षीस वेळेवर मिळणे किती मोलाचे असते, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले आहे.

आणि एक गोष्ट प्रत्येक गृहस्थाने स्वतःच करून ठेवावी. खाती, ठेवी, विमा, जमीन, येणे, देणे, जामीन आणि मृत्युपत्राची जागा एका वहीत स्वच्छ अक्षरांत लिहावी, दर दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी ती नवी करावी आणि ती कोठे ठेवली आहे, हे पत्नीला व एका विश्वासू वर्गमित्राला सांगून ठेवावे. आगरकरांच्या पुरचुंडीत पैसे फार नव्हते. पण ती उशाशी होती आणि घरच्यांना सापडली.